दोन मिनिटांनंतरचा बिगुल

आमच्या चाळीत कोणी दोन मिनिटं गप्प बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. डिलाईल रोडच्या त्या तीन मजल्यांवर माणूस गेला तरी बोलणं थांबत नाही, उलट वाढतं. दादाची बातमी आली त्या दिवशी तर आमच्या खोलीत बाजार भरला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, लष्करात शिपाई. बर्फातल्या एका चौकीवर तोफगोळ्यात गेला. कोणी म्हणे टीव्हीवाल्यांना कळवा, कोणी म्हणे नगरसेवकाला फोन लावा, कोणी चहाचं आधण ठेवून साखर कुठे आहे म्हणून आईलाच विचारत होतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. त्यात दादाचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं ताटाएवढी. मी तो फाडायला निघालो होतो, शेजाऱ्यांनी मला धरून वर आणलं.

त्या सगळ्या गर्दीत एकच बाई आल्या आणि काही बोलल्या नाहीत. आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. दादाला आणि मला दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं, त्याला गळा नव्हता आणि मला शिस्त नव्हती. त्या मराठी ख्रिस्ती, कायम सुती साडीत, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगाही ताठ व्हावा. त्या दिवशी मात्र त्या आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. जाताना तेवढं "सलाम" म्हणाल्या, त्यांच्यातला नमस्कार. रात्री आई मला म्हणाली, "आज घराक एकच माणूस इला."

पुढच्या नोव्हेंबरात बाई आईला घेऊन त्यांच्या चर्चमध्ये गेल्या. परळचं जुनं दगडी चर्च, आता आजूबाजूच्या टॉवरांच्या पायाशी लहानसं दिसतं. तिथे वर्षातून एका रविवारी युद्धात मेलेल्यांसाठी उपासना असते. भिंतीवर पितळी पाटी आहे, तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या सोल्जरांची नावं. त्या दिवशी ती पाटी घासूनपुसून लख्ख करतात, निवृत्त अधिकारी पदकं लावून येतात, कागदाची लाल फुलं छातीवर टोचतात. पाळकसाहेब नावं वाचतात, पुष्पचक्र वाहिलं जातं. मग बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे दिवस संपल्याचा इशारा. मग दोन मिनिटं शांतता. मग पुन्हा बिगुल, या वेळी रेव्हेली, म्हणजे उठा, सकाळ झाली. वाचायच्या नावांत बाईंनी दादाचंही नाव घालायला लावलं. कमिटीतले काही जण कुरकुरले होते म्हणे, की हा मुलगा आपल्यातला नाही. बाईंनी त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या वर्षापासून कोणी कुरकुरलं नाही.

आई दरवर्षी जाऊ लागली. देवळात जावं तशी चपला दाराबाहेर काढून जायची. बाकीचे बूट घालून आत, ही एकटी अनवाणी. मी तिला सोडायचो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहायचो. मला आतलं ते सगळं सोसत नसे. पहिल्या वर्षी एकदा बसलो होतो. ती दोन मिनिटं सुरू झाली आणि माझ्या डोक्यात एवढे विचार गलका करायला लागले की वाटलं आता ओरडीन. तेव्हापासून मी चहावाला. आई बाहेर आली की तिचा चेहरा बघायचो, तो दरवर्षी सारखाच असायचा, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखा. मला वाटायचं प्रार्थना करून येते.

मी स्वतः बँडवाला आहे. दिवसा लोअर परळला छापखान्यात मशीन सांभाळतो, आणि लग्नसराईत, गणपतीत ट्रम्पेट वाजवतो, पहिल्या रांगेत. लालबागपासून दादरपर्यंत असा लग्नाचा हॉल नसेल जिथे मी नवरदेवाला घोड्यावरून उतरवलेलं नाही. सांगायचं कारण एवढंच की गेल्या वर्षी चर्चमध्ये घोळ झाला. दरवर्षी पलटणीतून बिगुलवाले यायचे, त्यांनी ऐनवेळी कळवलं की त्या रविवारी जमणार नाही. कमिटीने ठरवलं, मोबाइलवर लास्ट पोस्ट मिळते, ब्लूटूथच्या स्पीकरवर लावू. बाई तडक आमच्या चाळीत आल्या, तीन मजले चढून, या वयात. दम खात खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू वाजवशील."

"बाई, मी लग्नात वाजवतो."

"माहीत आहे. म्हणून आधी आठवडाभर तालमीला येशील."

मी आईकडे बघितलं. ती लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण सोलायची थांबली होती. मी हो म्हणालो.

बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि गायनमंडळ चालवतात. ऑर्गन मागच्या बाजूला, वरच्या माडीवर आहे, लाकडी जिन्याने चढून जायचं. तिथे उभं राहिलं की खाली सगळ्यांच्या पाठी दिसतात. वाजवायला मी तिथेच उभा राहणार होतो, ऑर्गनच्या शेजारी, बाईंच्या हाताच्या अंतरावर. सोबत माझा साइड ड्रमवाला मित्र होता, काळाचौकीचा. पुष्पचक्र वाहताना हळू रोल, म्हणजे काठ्यांचा सलग, न तुटणारा आवाज लागतो, तो त्याने वाजवायचा, ड्रमवर काळं कापड बांधून, म्हणजे आवाज दबका येतो. तो आधी म्हणाला, "कापड बांधून? म्हणजे तोंडाला फडकं बांधून गायचं का रे?" पण आला.

बिगुलाला कळा नसतात. जे काय करायचं ते ओठाने आणि दमाने. माझ्या ट्रम्पेटला तीन कळा. बाई म्हणाल्या, त्यांना हात लावायचा नाही, बोटं आवर. ते जमलं. पण लांब सूर आला की माझा ओठ आपोआप तो थरथरवायचा. लग्नात त्या थरथरीवर लोक नोटा ओवाळतात. बाईंनी ऑर्गनचं झाकण धाडकन आपटलं.

"काय थरथरतोयस? थंडी वाजते?"

"सवय आहे, बाई."

"इथे कोणाची वरात निघालेली नाही. सरळ."

आठवडाभर "सरळ" एवढाच शब्द ऐकला. शनिवारी अखेर सूर सरळ निघाला, इतका सरळ की मलाच तो कोणा दुसऱ्याचा वाटला. बाईंनी घड्याळ दाखवलं, मनगटावरचं, पट्ट्याचं. म्हणाल्या, "लास्ट पोस्ट संपली की मी घड्याळ बघते. दोन मिनिटं झाली की मान हलवीन. त्याच क्षणी रेव्हेली. उशीर चालणार नाही. शांततेसाठी पंखे बंद करतात, खाली नव्वदीचे म्हातारे उभे असतात, काठीवर. कळलं?"

"कळलं."

"मागे एका वर्षी बिगुलवाला उगाच रेंगाळला, तर एक जण कोसळला. मी कमिटीला तुझी हमी दिलीय."

त्याच संध्याकाळी मी घरी ट्रम्पेट पुसत बसलो होतो. आई आत भात लावून आली आणि माझ्यासमोर बसली. आमची आई मालवणकडची, मुंबईत आयुष्य गेलं तरी घरात मालवणीच बोलते.

"उद्या तू वाजवतलस मां?"

"हो."

"मगे ती शांतता तुझ्या हातात."

"माझ्या कसली? बाई मान हलवणार, मी वाजवणार."

"तोंडाक तू लावतलस मां? मगे जरा थांब. दोन मिन्टां माका पुरत नाय."

मला आधी कळेना. मी म्हटलं, कशाला पुरत नाहीत? प्रार्थना एवढी लांब आहे का? मी शाळेत नापास झाल्यावर बघायची तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिने सांगितलं.

दादा शेवटच्या सुट्टीवरून परत निघाला तेव्हा मी घरी नव्हतो, पनवेलला लग्नाच्या ऑर्डरवर होतो. सकाळची वेळ. आई गॅसजवळ होती, दूध तापत होतं. दादाने बॅग उचलली, "आई, येतो गं," म्हणाला. आई म्हणाली, "इलंय हां." पण दूध वर यायला लागलं होतं. घरातून माणूस निघताना दूध उतू जाऊ देऊ नये, हे आमच्याकडे पक्कं. तिने आधी दूध सांभाळलं. गॅस बंद केला, भांडं उतरवलं, हात पुसले. तोवर तो जिना उतरून गेला. ती गॅलरीच्या कठड्याशी गेलीच नाही, म्हणाली दुपारी फोन करीलच. एरवी तो रस्त्यावर पोचला की वळून वर बघायचा आणि हात हलवायचा. त्या दिवशी त्याने वर बघितलं असेल, तर कठडा रिकामा होता.

"त्या शांततेत मी ताच करतंय," आई म्हणाली. "गॅस बंद करतंय. हात पुसतंय. दारातसून भायर येतंय. तो जिन्यार असता, बुटांचो आवाज येता. मी कठड्याकडे जातंय, आणि पोचूच नाय, तवसर तुमचो बिगुल वाजता."

"दरवर्षी?"

"दर वर्साक."

 मी असा माणूस आहे की वाईट वाटलं की चिडतो. म्हटलं, "अगं मग मनातल्या मनातच जायचंय ना? धावत जा!"

"गुडघे माझेच मां ते," ती म्हणाली.

मी हसलो नाही. ट्रम्पेट पुसत राहिलो, जिथे पुसून झालं होतं तिथेच. तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दादा होता तेव्हा त्याच्याकडे मागायची, तो गेल्यावर कोणाकडेच नाही. मला त्याचा राग होता, हेही सांगून टाकतो. घरात मी होतो, पगार मी आणत होतो, दवाखान्यात मी नेत होतो, आणि ती मागत नव्हती. आता मागितलं तर हे.

"मला कळणार कसं, तू पोचलीस ते?"

"मी पदर डोक्यार घेतंय. मगे वाजव."

मी बरं म्हणालो. म्हणजे सकाळी बाईंना दिलेला शब्द संध्याकाळी आईला विकला. सबंध रात्र डोळ्याला डोळा लागला नाही. आईला नाही म्हणावं तर ती पुन्हा कधी मागणार नाही, आणि पुढच्या वर्षी ती असेल की नाही हेही माहीत नव्हतं, तिचा दम आताशा दुसऱ्या मजल्यावरच संपायचा. बाईंचा शब्द मोडावा तर ती बाई, जी आमच्या घरी येऊन एकटी गप्प बसली होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

रविवारी चर्च भरलेलं होतं. मी माडीवरून बघत होतो. पुढच्या बाकांवर निवृत्त साहेब लोक, कोटावर पदकांची रांग, एकदोन वकिलातीचे पाहुणे, मग चर्चची माणसं. आई डाव्या हाताला, मधल्या बाकावर, अंजिरी लुगड्यात. तिचा अंबाडा आणि मान मला दिसत होती, पदर खांद्यावर होता. तिच्या पुढच्याच बाकावर एक खूप म्हातारे सुभेदार, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. मी सारखा ओठांवरून जीभ फिरवत होतो. माझा मित्र कानात म्हणाला, "काय रे, ओठ सुकलाय का? पाणी पी." मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने मला जिन्यावरून खाली ढकललं असतं.

गीत झालं, वाचन झालं. नावं वाचली. दादाचं नाव पाळकसाहेबांनी आडनावासकट नीट वाचलं. मित्राने काळ्या कापडावर रोल धरला आणि पुष्पचक्र पुढे गेलं. दादरच्या फुलबाजारातून आणलेलं, पांढऱ्या शेवंतीचं. मग सगळे उभे राहिले. पंखे बंद झाले, आणि ते थांबताना होणारी घरघर संपली तशी बाईंनी माझ्याकडे बघितलं.

लास्ट पोस्ट मी सरळ वाजवली. थरथर नाही, हरकती-मुरक्या नाहीत. शेवटचा सूर सोडला तेव्हा तो वरच्या लाकडी छताशी जरा वेळ राहिला आणि गेला. बाईंनी मनगट वर केलं.

शांतता सुरू झाली. बाहेर मेट्रोच्या कामाचं काहीतरी धडधडत होतं, मग तेही थांबलं. मी फक्त आईच्या मानेकडे बघत होतो. ती हलत नव्हती. मी मनात म्हणत होतो, गॅस बंद केलास ना आता, चल, हात पुसू नकोस, ओल्या हातांनी जा. पण तिचं तिचं काम ती तिच्याच वेगाने करणार, हे मला ठाऊक होतं.

बाईंनी मान हलवली.

मी ट्रम्पेट ओठाला लावला आणि वाजवला नाही.

बाईंना वाटलं मला दिसलं नाही. त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मग त्यांनी हात केला. मग त्यांना कळलं की मला कळलंय. आणि गंमत अशी की त्यांना काही बोलता येईना. ती शांतता होती. ज्या बाईने आख्ख्या शाळेला आयुष्यभर गप्प बसवलं ती माझ्या शेजारी लालबुंद होऊन उभी होती आणि तिच्या तोंडातून एक अक्षर निघू शकत नव्हतं. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. चौथीनंतर पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं, पण मी ओठ जागेवरच ठेवला.

खाली चुळबुळ सुरू झाली. कोणी तरी खोकलं. पाळकसाहेबांनी डोकं वर करून माडीकडे बघितलं. आणि ते म्हातारे सुभेदार डुलायला लागले. मला माडीवरून स्पष्ट दिसत होतं, आधी काठी हलायला लागली, मग खांदे. त्यांच्या शेजारच्या बाईने त्यांचं कोपर धरलं. ते बसायला तयार नव्हते, बिगुल वाजल्याशिवाय बसायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता. मी मनात आईला हाका मारत होतो. आई, लवकर. आई, हा म्हातारा पडेल आणि ते माझ्या माथी येईल. आईचा पदर खांद्यावरच होता.

मला वाजवावंसं वाटलं. खरंच सांगतो, दम भरून घेतला होता. आणि त्याच वेळी माझ्या डाव्या हाताला रोल सुरू झाला.

आमच्या बँडचा एक नियम आहे, कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतो. पुढच्याने पोकळी सोडायची नाही, आणि सोडलीच तर साइडवाल्याने ती भरायची. ट्रम्पेटवाल्याचा ओठ सुटतो, दम संपतो, पुढची ओळ आठवत नाही, तेव्हा साइडवाला रोल धरून ठेवतो, तो सावरेपर्यंत. लोकांना वाटतं मुद्दाम केलंय. अँटॉप हिलच्या एका लग्नात मला उचकी लागली होती, तर या पठ्ठ्याने नवरी गाडीतून उतरून मांडवात पोचेपर्यंत एकट्याने रोल ओढला होता. आताही त्याला वाटलं माझा ओठ गेला. ट्रम्पेट तोंडाला, डोळ्यांत पाणी, आवाज नाही, दुसरं काय वाटणार? तो दोस्ताला सांभाळत होता. युद्धात मेलेल्यांसाठीच्या शांततेत, शंभर वर्षांच्या चर्चमध्ये, माझ्या मित्राने काळ्या कापडावर हळूच रोल धरला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं संपलं. पण खाली मात्र उलटंच झालं. लोकांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. चुळबुळ थांबली. पाळकसाहेबांनी पुन्हा मान खाली घातली. शेजारच्या बाईने सुभेदारांना अलगद बाकावर बसवलं आणि ड्रम वाजतोय म्हटल्यावर तेही बसले. रोल दबका होता, लांबून येणाऱ्या आगगाडीसारखा, आणि मित्र माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, घे, घे, वेळ घे, मी आहे.

आईची मान पुढे झुकली. कठड्यावरून वाकावं तशी. मग ती सरळ झाली, आणि तिने पदर डोक्यावर घेतला.

मी रेव्हेली वाजवली. आयुष्यात तेवढी चांगली मी काही वाजवली नसेल. आठवडाभर आवरलेली थरथर शेवटच्या सुरावर आलीच, आणि मी ती येऊ दिली. मला इतका आनंद झाला होता की मला लाज वाटली. मी आईला तिथवर पोचवलं होतं. दादाला जे जमलं नव्हतं, चाळीच्या मंडळाला आणि बॅनरवाल्यांना जे जमलं नव्हतं, ते मी एका न वाजवलेल्या सुराने केलं होतं, असं मला वाटलं.

खाली चहा आणि केक होता. एका कर्नल साहेबांनी येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाले, तो ड्रम फारच परिणामकारक होता, ही कोणत्या पलटणीची पद्धत? माझा मित्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काळाचौकीची, सर." बाई आल्या तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

"सुभेदारांचं काही झालं असतं तर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट.

"चुकलं, बाई."

"चुकलं नाही. तू ठरवून केलंस. कोणासाठी केलंस तेही मला कळतं, मी आंधळी नाही." त्यांनी दारापाशी चपला शोधणाऱ्या आईकडे बघितलं. "पण मला आधी सांगायचं होतंस. मी तुला नको म्हणाले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्या आणखी काही बोलणार होत्या, पण कोणी तरी हाक मारली आणि त्या गेल्या. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. म्हटलं, काय बिघडलं असतं हो म्हणायला?

आम्ही चालत निघालो. मित्र ड्रम घेऊन टॅक्सीने गेला होता. उन्हं वर आली होती, फुटपाथ खणलेला, म्हणून आई माझा हात धरून रस्त्याच्या कडेने चालत होती. मी वाट बघत होतो की ती काही बोलेल. माझी मान जरा वरच होती, खोटं कशाला बोलू. नाका गेला, पेट्रोल पंप गेला. शेवटी मीच विचारलं.

"पोचलीस का गं?"

"पोचलंय."

"मग? दिसला?"

ती थांबली. पायातली चप्पल नीट केली, माझ्या हातावर भार देऊन. तिचा चेहरा मी बघितला आणि माझी मान खाली आली. दरवर्षी चर्चमधून येताना असायचा तो चेहरा हा नव्हता.

"कठड्यार गेलंय. वाकान बघलंय," ती म्हणाली. "खाली कोण नाय होतो. रस्तो मोकळो. पाववालो सायकल घेऊन चललो होतो. तो कधीच गेलो होतो रे."

 ती पुन्हा चालायला लागली. माझा हात तिने सोडला नव्हता, उलट जास्त घट्ट धरला होता.

"आजपर्यंत तो जिन्यार तरी होतो," ती म्हणाली. मग थोडं चालून गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "पुढच्या वर्साक वेळार वाजव."